एक तास दोन मिनिटं

नांदेडहून नातवाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो. नातू सहावीत आहे. हॅलो नाही, कसे आहात नाही, एकदम मुद्द्यावर.

"आबा, कोल्हापूर ते नांदेड विमानानं एक तास दोन मिनिटंच लागतात. मग तुम्ही येऊ का नाही लाले?"

आई कोल्हापूरची असली तरी पोरगं पक्कं नांदेडचं. "कुणी सांगितलं रं तुला?"

"मोबाइलवर आहे. अंतर चारशे पंचवीस किलोमीटर, वेळ एक तास दोन मिनिटं. मम्मीला पण दाखवलं."

एकतीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला असलं काही सांगू नये. त्यातली शेवटची चौदा वर्षं मी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीमागं बसून "गाडी कवा येणार?" या एकाच प्रश्नाला दिवसभर उत्तर देणारा माणूस. आमच्या वेळापत्रकात सगळं पाचाच्या पटीत. सहा दहा, सहा पंचवीस, सात पाच. 'दोन मिनिटं' असं कुठलं पाटीवर लिहिलेलं मी जन्मात पाहिलं नाही. त्यामुळं तास गेला बाजूला, मला ती वरची दोन मिनिटंच खटकली. ही आली कुठून?

रात्री जेवण झाल्यावर वीजबिलाच्या पाठीमागं आकडेमोड करत बसलो. आधी वेग काढायचा म्हणून ४२५ ला ६२ मिनिटांनी भागलं, तर ताशी ४११ किलोमीटर आले. हा वेग कुठल्याच विमानाचा वाटेना. मग आठवलं, आपण वेळ बसवताना नुसता वेग धरत नाही, चढउतारासाठी वर थोडी वेळ टाकतो. म्हणून अर्धा तास बाजूला काढला. उरली ३२ मिनिटं. ४२५ किलोमीटर म्हणजे २६४ मैल. २६४ मैल ३२ मिनिटांत म्हणजे तासाला जवळजवळ बरोब्बर ५०० मैल. बसलं गणित! अंतराला पाचशेनं भागा आणि वर अर्धा तास ठेवा, की कुठल्याही दोन विमानतळांमधली वेळ तयार. मला इतका आनंद झाला की हिला झोपेतून उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मिरच्या आत घेतल्या का?"

तर या आकड्यामागं विमान नाही, वैमानिक नाही, वेळापत्रक नाही. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश आहेत आणि एक भागाकार आहे. कोल्हापूरचा, म्हणजे उजळाईवाडीचा विमानतळ साधारण १६.६६ उत्तर, ७४.२९ पूर्व. नांदेडचा १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. मधलं हवाई अंतर ४२५ किलोमीटर, विमानवाल्यांच्या भाषेत २३० नॉटिकल मैल. हा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा. एका अक्षांशाचे साठ भाग केले की त्यातला एक भाग साधारण एवढा येतो. आमच्याकडं भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. मी लगेच टप्पे पण काढले. एकाहत्तर.

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला. एका सेंटीमीटरला दहा किलोमीटर असा मोठा नकाशा आहे, मुलगी शाळेत असताना घेतलेला. कोल्हापूरला एक टाचणी, नांदेडला एक टाचणी आणि हिच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा. साडेबेचाळीस सेंटीमीटर भरला.

दोऱ्याखालची गावं बघत बसलो आणि अर्धा तास कसा गेला कळलं नाही. कोल्हापूर सोडलं की दोरा थेट सांगलीवरून जातो. तिथं कृष्णा ओलांडली. पुढं तासगाव डावीकडं, कवठेमहांकाळ उजवीकडं, आणि सांगोला बरोब्बर खाली. मग पंढरपूर आणि मंगळवेढ्याच्या मधून, दोघांना सारखाच मान देत. धाराशिव आणि तुळजापूरच्या मधून. लातूर उजव्या हाताला राहतं, लोहा जवळजवळ दोऱ्याला चिकटलेलं आणि शेवटी गोदावरी ओलांडली की नांदेड. एकाच दोऱ्यावर विठोबा आणि तुळजाभवानी, आणि टोकाला गुरुद्वारा. अंबाबाईच्या गावातून निघालेल्या माणसाला यापेक्षा सरळ वाट कुणी आखून देणार नाही.

आणि गंमत म्हणजे आपला डांबरी रस्ताही फार लांबून जात नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग सांगली, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा असाच नांदेडला पोचतो. पाचशेच्या आसपास किलोमीटर भरतात. सोलापूरला जाऊन वळण घ्यावं लागतं तेवढाच काय तो फेरा. त्या शक्तिपीठ महामार्गाची कागदावरची रेघही याच जिल्ह्यांमधून जाते. त्यावर आमच्याकडं काय रान पेटलंय ते वेगळं सांगायला नको. ज्याची पिकाऊ जमीन जाते त्याला दोरा सरळ आहे याचं कौतुक नसतं.

आता विमानाकडं येतो. ताशी ५०० मैल हा मोठ्या जेटचा वेग. छोट्या विमानतळांच्या मधल्या फेऱ्यांना बहुधा पंख्याचं विमान असतं, एटीआर ७२. सत्तरेक माणसं बसतात. चढायचं मागच्या दारानं, सामान पुढच्या बाजूला. फार तर ताशी ५०० किलोमीटर धावतं. मैल नव्हे, किलोमीटर. त्या हिशेबानं नुसतं अंतर कापायलाच ५१ मिनिटं. वर धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, परत रांगत येणं. माझ्या हातात असतं तर मी या फेरीला सव्वा तास दिला असता. आणि पाच मिनिटं खिशात ठेवली असती.

विमानाची वेळही कुठून कुठं मोजतात बघा. चाक सुटल्यापासून चाक टेकेपर्यंत नाही. उभ्या विमानाच्या चाकाखालचा ठोकळा काढून ते हललं, की वेळ सुरू. पोचल्यावर जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळा लागला, की वेळ संपली. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मला हे फार आवडलं. आमचे जुने ड्रायव्हर घाटात गाडी उभी केली की चाकाखाली दगड लावायचे. त्यांनाही वेळ तिथूनच मोजायची असती तर निम्मे मेमो वाचले असते.

आणि जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ एकच कशी असेल? आंबा घाट चढताना आणि उतरताना गाडीला सारखा वेळ लागतो असं कुणी म्हणालं तर मी त्याला कोल्हापूर-रत्नागिरी गाडीत पुढच्या सीटवर बसवीन. आकाशातही चढ-उतार असतो, तो वाऱ्याचा. हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून वाहतं. ते नांदेडला जाताना पाठीमागून ढकलतं, येताना तोंडावर येतं. शिवाय धावपट्टीवरून उठताना विमान वाऱ्याला तोंड करून उठतं. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं. म्हणजे नांदेड ईशान्येला, आणि विमान आधी पश्चिमेला तोंड करून उडणार, मग वळसा घालून माघारी येणार.

हे सगळं मी नातवाला फोनवर समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सव्वा तास लागतो. तरी येऊ शकता की."

आता त्याला काय सांगणार की कोल्हापूर-नांदेड असं विमानच नाही!

नाही ते का नाही, हे मात्र मला कुणी समजावून सांगायला नको. लोकांना वाटतं, दोन गावांत विमानतळ आहे म्हणजे मध्ये विमान पाहिजे. दोन गावांत स्टँड असतो म्हणून मध्ये एसटी असते का? गाडी कुठल्या आगाराची, रात्री मुक्कामाला कुठं, सकाळी कुठून सुटणार, ड्रायव्हरची ड्युटी कुठं संपणार, बिघडली तर मेकॅनिक कुठं आहे, हे आधी जुळलं पाहिजे. विमानालाही आगार असतं. या भागात उडणाऱ्या छोट्या विमानांची आगारं हैदराबाद, बेंगळुरूसारख्या ठिकाणी. विमान सकाळी तिथून सुटतं, एका छोट्या गावाला जातं, अर्ध्या तासात माणसं बदलून परत आगारात. आगारातून गावाला आणि गावातून आगाराला. गावातून गावाला जायचं तर दोन्हीकडचे मिळून रोज सत्तर जण तरी लागतील. आमच्या गावातून नांदेडला रोज विमानानं जाणारे सत्तर? मला तर माझ्यासकट चार आठवतात, आणि त्यातले दोन एसटीचे पासवाले.

नांदेडला तसा मान मोठा आहे. 'उडान' योजनेची पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली. शिमला-दिल्लीचा फोटो सगळ्यांनी पाहिला, पण त्याच दिवशी नांदेड-हैदराबादलाही झेंडा दाखवला होता. साधारण तासाभराच्या, पाचशेएक किलोमीटरच्या प्रवासाला काही जागांचं भाडं अडीच हजारांवर जाऊ द्यायचं नाही, आणि तोटा होईल तो सरकारनं भरून द्यायचा, अशी ती कल्पना. आमच्या ४२५ किलोमीटरला अगदी बेतून शिवल्यासारखी. आणि कोल्हापूरचं म्हणाल तर इथं राजाराम महाराजांनी १९३९ मध्येच विमानतळ केला. मार्च २०२४ मध्ये नवी इमारत पण झाली. दोन्ही टोकं तयार आहेत. मधला दोरा तेवढा नाही.

नातवाला दिलेला शब्द म्हणून एप्रिलात मी विमानानंच गेलो. हैदराबादमार्गे. हिचे गुडघे साथ देत नाहीत, ती आली नाही. तिनं एक किलोची गुळाची ढेप, कांदा-लसूण मसाला आणि नातवाला सदरा एवढं बांधून दिलं. मी माझी जुनी डायरी घेतली आणि लॉगशीट ठेवायचं ठरवलं. सवय जात नाही.

फुलेवाडीतून रिक्षा सुटली सकाळी ६.५०. विमानतळावर ७.२५. तिकिटावर सुटायची वेळ ९.०५, पोचायची १०.३०. विमान हललं ९.०२ ला. म्हणजे वेळेच्या तीन मिनिटं आधी! आमच्याकडं असं झालं असतं तर वेळेवर आलेल्या माणसानं कंडक्टरला सोडला नसता. चाकं सुटली ९.११. माझी जागा पंखाच्या मागं, खिडकीला. पंख्याची पाती सुरुवातीला वेगवेगळी दिसतात, मग नुसतं धुरकट ताट होतं आणि त्यातून खालची उसाची शेतं दिसत राहतात. विजापूर येईल म्हणून गोलघुमट शोधत होतो, पण खाली पांढुरकी धूळच होती. चाकं टेकली १०.१४, विमान जागेवर १०.२२.

आठ मिनिटं आधी पोचवल्याबद्दल हवाई सुंदरीनं माइकवरून कौतुक करून घेतलं. मी मनात हसलो. वेळ बसवतानाच हात राखून बसवली की गाडी वेळेच्या आधीच पोचते. ही विद्या आम्हालाही येते.

पण डायरीत वजाबाकी केली आणि तिथंच थांबलो. ९.११ ते १०.१४ म्हणजे एक तास तीन मिनिटं. नातवाच्या हिशेबानं एवढ्यात मी नांदेडला उतरून वर एक मिनिट उरायला हवं होतं. आणि मी उभा होतो हैदराबादच्या विमानतळावर, शमशाबादला, तेलंगणात.

दोन तिकिटं वेगळी काढली होती, कारण एकत्र मिळालं नाही. म्हणजे सामान घेऊन बाहेर यायचं आणि वरच्या मजल्यावरून पुन्हा आत शिरायचं. पुढचं विमान ३.४० ला. इडली खाल्ली, खुर्च्या मोजल्या. दुसऱ्यांदा तपासणीला गेलो तेव्हा माझी पिशवी पट्ट्यावरून बाजूला वळली. तिथल्या पोरानं पडद्याकडं बोट करून विचारलं, "अंकल, इसमें क्या है?" पडद्यावर माझ्या सदऱ्याच्या मधोमध एक काळपट, गच्च, बादलीच्या आकाराचा गठ्ठा. खरं सांगतो, मलाही भीती वाटली. ढेप बाहेर काढली. वरचा कागद सोडला, तर उकाड्यानं बाजू पाघळून सदऱ्याला चिकटलेली. त्यानं वास घेतला. "गुड़?" म्हणाला. मी म्हणालो, "कोल्हापूर का." त्यानं दुसऱ्याला बोलावलं, त्यानंही वास घेतला. मी एक खडा मोडून द्यायला लागलो तर दोघंही मागं सरले, ड्युटीवर घेता येत नाही म्हणून. पण हसत होते. कोल्हापुरात ही ढेप कुणी बघितलीसुद्धा नव्हती. तिथल्या पडद्यावर अशा रोज दहा जात असणार.

नांदेडचं विमान उशिरा निघालं. पाटीवर आधी ३.४०, मग ३.५५, मग नुसतंच 'उशिरा'. खिडकीमागं बसलेली पोरगी प्रत्येकाला तेच उत्तर देत होती. माझा जीव तिच्यासाठी तुटला. मी तिला काहीच विचारलं नाही. विमान हललं ४.०५ ला. पंख्याचं नव्हतं, छोटं जेट होतं. चाकं सुटली ४.१४, टेकली ४.५३. एकोणचाळीस मिनिटं. पाणी प्यायलाही वेळ पुरत नाही. जागेवर ४.५८, आणि लेकीच्या दारात ५.३५.

सकाळी ६.५० ते संध्याकाळी ५.३५. दहा तास पंचेचाळीस मिनिटं. एसटीनं रात्री बसलो असतो तर बारा-साडेबारा तासांत पोचलो असतो, तेही झोपून. पैशांचं विचारू नका, हिलाही सांगितलेलं नाही.

नातवानं आधी डायरी मागितली, मग गूळ. जमिनीवर पालथा पडून त्यानं बेरीज-वजाबाकी केली. दोन्ही विमानं मिळून हवेत एक तास बेचाळीस मिनिटं. दहा पंचेचाळीसमधून ती वजा.

"आबा, तुम्ही नऊ तास तीन मिनिटं जमिनीवरच होते!"

"विमानानं आलो म्हणजे उडतच आलो असं नसतं बाबा."

"मग मोबाइलवर खोटं आहे?"

खोटं म्हणवेना. ४२५ खरंच आहे, मी दोऱ्यानं मोजलंय. म्हटलं, "खोटं नाही. फक्त ती गाडी अजून लागायची आहे."

मे महिन्यात लेक आणि नातू कोल्हापूरला आले. एसटीनं. पहाटे स्टँडवर घ्यायला गेलो तर पोरगं डोळे चोळत खाली उतरलं आणि पहिलं काय सांगितलं, तर गाडी सतरा मिनिटं लेट आहे. मला भरून आलं.

घरी आल्यावर नकाशावरचा दोरा त्याला दाखवला. सांगली, सांगोला, लोहा, सगळी गावं त्यानं बोटानं वाचली. मग म्हणाला, "पण तुम्ही असे नव्हते आले." आणि नांदेडची टाचणी काढली. कोल्हापूरचं टोक तसंच ठेवून त्यानं दोरा उजवीकडं फिरवला, विजापूरवरून, हैदराबादच्या दिशेनं, ताणून धरला. नांदेडपर्यंत बरोब्बर पुरणारा दोरा हैदराबादपर्यंत पोचेना. दोन सेंटीमीटर कमी पडला. विमान बदलायचं ठिकाणच मुळात पोचायच्या ठिकाणापेक्षा वीस किलोमीटर लांब.

"आज्जी," तो आत बघून ओरडला, "अजून दोरा आहे का?"

डब्यातला लाल संपला होता. तिनं हिरवा दिला.